सत्तावीस पोचे

मनुष्याने बनवलेल्या कोणत्याही वस्तूच्या आयुष्यात तीन अवस्था येतात: नवी, जुनी आणि व्हिंटेज. नवीची जुनी आपोआप होते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. जुनीची व्हिंटेज व्हायला मात्र मालक बदलावा लागतो. कारण पहिला मालक ती वस्तू वापरत असतो, आणि वापरातल्या वस्तूला व्हिंटेज म्हणणे सभ्य समाजात शिष्टसंमत नाही.

सातपाटीच्या रखमाबाई तामोरे यांच्या अंगणातली मिलिटरीची जोंगा ही या नियमानुसार गेली आठ वर्षे निव्वळ जुनी होती. जोंगा म्हणजे खास फौजेसाठी बनवलेली, जीपची थोरली बहीण शोभेल अशी दणकट गाडी. रखमाबाईंचे यजमान जिवल्या तामोरे यांनी ती दोन हजार दोन साली नाशिककडच्या लिलावात घेतली. पुढे चौदा-पंधरा वर्षे गाडीने बर्फाच्या लाद्या वाहिल्या, मासळीच्या पाट्या पालघर स्टेशनला पोचवल्या, पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि दोन बाळंतिणींना वेळेत दवाखान्यात नेले. (तिसरी वाटेतच मोकळी झाली. त्या मुलीचे नाव गाडीवरून ठेवावे असा प्रस्ताव होता, तो सासूने फेटाळला.) जिवल्या वारला आणि गाडी उभी राहिली. त्यानंतर तिच्या बॉनेटवर रोज जवळा वाळत असे. लोखंड तापते, जवळा लवकर वाळतो, आणि टपावर कोंबड्यांना बसायला जागा होते. थोडक्यात, राष्ट्रीय संपत्तीचा याहून पूर्ण विनियोग पालघर जिल्ह्यात त्या काळात अन्यत्र होत असल्याची नोंद नाही.

ही गाडी दिपेश मेहेर यांच्या डोळ्यांत भरली.

दिपेश मूळचा सातपाटीचाच, पण बोईसरजवळ सालवडला त्याचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज होते. तीस वर्षे त्याने लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले. हा धंदा मोठा विचित्र आहे. गवंड्याचे काम उभे राहते, शिंप्याचे काम अंगावर मिरवते, पण डेंटरचे काम चांगले झाले की ते दिसत नाही. गिऱ्हाईक येते, पत्र्यावरून नजर फिरवते, काहीच सापडत नाही आणि म्हणते, यात तुम्ही केलेत काय? दिपेश पुटी भरून पत्रा सपाट दाखवणाऱ्यांतला नव्हता. हातोडी आणि पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली, घेऊन तो पत्र्याला टकटक करत मूळ जागी आणे, मग डोळे मिटून तळवा फिरवी. तळव्याला काही लागले नाही की काम संपले. तीस वर्षांत अशी साधारण अकरा हजार कामे न दिसता पार पडली होती. आयुष्यात एकदा तरी अशी एक गाडी हातून व्हावी, की लोकांनी थांबून बघावे, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने बायकोला, म्हणजे स्वातीला, दोनदा बोलून दाखवली होती. दोन्ही वेळा स्वातीने घरच्या फ्रिजकडे बोट दाखवले होते, ज्याच्या दाराला सहा वर्षांपासून पोचा होता.

रखमाबाईंनी गाडी द्यायला फारशी खळखळ केली नाही. विकली गेली की अर्धे तुझे, अर्धे माझे, असा व्यवहार ठरला. अट मात्र एक घातली.

"ढकलत नाय न्यायची," त्या म्हणाल्या. "चालवत नेशील तं ने. नायतर राहू दे, जवळा तरी वाळतो."

आठ वर्षे उभी असलेली, खाऱ्या वाऱ्यात मुरलेली गाडी चालवत नेणे हे झिपरू धोडी यांच्याशिवाय कोणाला जमण्यासारखे नव्हते. झिपरू जव्हारच्या बाजूचा, दिपेशपेक्षा वयाने मोठा, इंजिनाचा कारागीर. तो फार कमी बोलत असे, आणि जे बोले ते बहुधा इंजिनाशी. अकरा दिवस तो रखमाबाईंच्या अंगणात गाडीखाली पाठीवर पडून होता. टाकीतून गंज निघाला, एअर फिल्टरमधून उंदराचे बिऱ्हाड निघाले, आणि सीटखालच्या पेटीतून मेणकापडात गुंडाळलेली एक वही निघाली. बाराव्या दिवशी सकाळी इंजिन आधी खोकले, मग काळा धूर ओकले आणि मग एका सुरात चालू लागले.

"इंजिन बरा हाय," झिपरू म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषण होते.

मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका रस्त्यात थांबल्या. गाडी अंगणातून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली. रखमाबाई दारात आल्या नाहीत. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्या खराटा घेऊन बाहेर आल्या आणि गाडी जिथे उभी असायची ती चौकोनी जागा त्यांनी लगेच झाडून काढली. मग पुन्हा एकदा झाडली.

सालवडला दिपेशने गाडीवर चार महिने घालवले. एकूण पोचे सत्तावीस भरले. एकेक पोचा त्याने पुटीचा कण न वापरता उठवला, वर ऑलिव्ह हिरवा रंग चढवला. शेवटच्या दिवशी त्याने डोळे मिटले आणि तळवा बॉनेटपासून मागच्या फळक्यापर्यंत नेला. कुठेही काही लागले नाही. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली होती, सायकलींवरून घरी चाललेली माणसे खरोखर थांबली आणि बघू लागली. "क्या चीज बनायी है," असे एक जण म्हणाला. दिपेशने त्या दिवशी जेवताना बायकोला हे वाक्य तीन वेळा ऐकवले.

आता गिऱ्हाईक. तारापूरच्या कारखानदारांत मेहुलभाई हे रंगरसायनांचे व्यापारी होते आणि त्यांचे केळव्याच्या बाजूला फार्महाऊस होते. फार्महाऊस असले की त्यापुढे उभे करायला काहीतरी लागते. शेजाऱ्याने बैलगाडी उभी केली होती, पलीकडच्याने जुनी होडी. मेहुलभाईंना देशभक्तीची आवड असल्याने त्यांनी मिलिटरीची गाडी ठरवली. शिवाय ते 'सैनिकी वाहन वारसा जतन व संवर्धन मंडळ (नियोजित)' या संस्थेचे अध्यक्ष होते. मंडळात तीन पदे होती. अध्यक्ष मेहुलभाई. सचिव विपुल, जे एका कंपनीच्या खरेदी खात्यातून निवृत्त झाले होते आणि ज्यांना कोणताही कागद रिकामा पाहवत नसे. तिसरे पद माजी सैनिकासाठी राखीव होते, पण योग्य उमेदवाराअभावी ते रिक्त होते. (एक माजी सुभेदार मुलाखतीला आले होते. पण गाड्यांची छायाचित्रे बघून ते हसले, आणि हे वर्तन वारशाला पोषक नसल्याने त्यांना चहा देऊन परत पाठवण्यात आले.)

हितसंबंधांचा प्रश्न उद्भवू नये म्हणून मेहुलभाईंनी खरेदीदार या नात्याने मंडळाकडे रीतसर अर्ज केला, आणि अध्यक्ष या नात्याने तो तपासायला सात दिवस घेतले. आठव्या दिवशी मंडळ पाहणीसाठी सालवडला आले.

मेहुलभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी मारली. चेहरा पडत गेला.

"दिपेशभाय," ते हळूच म्हणाले, "ही तर नवी दिसते."

दिपेशला ती स्तुती वाटली. सचिव विपुलरावांनी फाइलमधून अस्सलता पडताळणीचा नमुना काढला. त्यातले काही प्रश्न असे होते:

१. वाहनाने युद्धात भाग घेतला होता काय? (होय / बराच)
२. वाहनावरील जखमांची संख्या. (दहापेक्षा कमी असल्यास कारणे द्यावीत.)
३. वाहनाकडे पाहून अंगावर काटा येतो काय? (तपासणी अधिकाऱ्याने बाही वर करून खात्री करावी.)

दुसऱ्या प्रश्नाला या गाडीला शून्य गुण पडत होते. पहिल्यासाठी झिपरूला सापडलेली वही पुढे करण्यात आली. ती गाडीच्या फौजेतल्या नोकरीची रोजनिशी होती. अठरा वर्षांच्या नोंदींची विपुलरावांनी तिथेच टक्केवारी काढली: भाजी आणि दूध आणणे, एकसष्ट टक्के. साहेबांच्या मुलांना शाळेत सोडणे, बावीस टक्के. दाताच्या डॉक्टरकडे, नऊ टक्के. दुरुस्तीसाठी उभी, आठ टक्के. शत्रूशी संपर्क, निरंक.

गाडीच्या बांधणीचे साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी होते, आणि मेहुलभाईंना युद्ध हवे होते एकाहत्तरचे. या तेरा वर्षांच्या तफावतीची मंडळाने गांभीर्याने दखल घेतली आणि ती लिपिकाची चूक ठरवली. भाजीबाबत असा निर्वाळा देण्यात आला, की सैन्य पोटावर चालत असल्याने भाजी हे युद्धसाहित्यच आहे. उरला प्रश्न जखमांचा. पोचे काढले होते, तेव्हा ते परत घालावेत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. किंमत ठरलीच होती, त्यात 'पोचे घालणे (सत्तावीस नग)' ही बाब वाढवण्यात आली. दर पोचे काढण्याच्या चौपट होता.

मंडळ गेल्यावर दिपेशने हातोडी हातात घेतली. पत्र्यावर हातोडी कशी मारू नये हे शिकायला त्याला तीस वर्षे लागली होती. नकार द्यावा असे त्याला वाटत होते. पण अर्धा वाटा रखमाकाकींचा होता आणि तो सोडायचा अधिकार त्याला नव्हता. त्याने बॉनेटवर एक टोला मारला. पोचा पडला, पण तो पोचा दिसत नव्हता, कोणीतरी मुद्दाम हातोडी मारल्यासारखा दिसत होता.

"खोटा दिसतं," झिपरू म्हणाला. दिपेशने तो पुन्हा सपाट केला.

दुसऱ्या दिवशी दिपेश सातपाटीला गेला. काकी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घालत होत्या. सत्तावीस पोचे कुठे कुठे होते ते आठवते का, असे त्याने विचारले. काकींनी हातातला बोंबील न सोडता पंचवीस सांगितले. डाव्या मडगार्डचा, जिवल्या गाडी शिकत असताना बर्फ कारखान्याच्या भिंतीचा. मागच्या फळक्यावरचे नऊ, लाद्यांचे. उजव्या दाराचा लांबट, होडीच्या दोराचा. पेट्रोलच्या टाकीशेजारचा, एका वरातीत नवरदेवाच्या चुलत्याने नाचताना डोक्याने पाडलेला. दोन आठवायला त्यांनी एक दिवस मागून घेतला. दिपेशने सगळे वहीत उतरवले. पोचे घालायचेच तर निदान खरे घालावेत, एवढे समाधान त्याने स्वतःपुरते काढले होते.

मग आठवडाभर गॅरेजमध्ये बर्फाच्या लाद्या आल्या, होडीचा दोर आला, आणि टाकीशेजारच्या पोच्यासाठी नारळ वापरण्यात आला. (चुलते हयात होते, पण त्यांनी असमर्थता कळवली.) सव्वीस पोचे जागच्या जागी पडले. राहिला बॉनेटवरचा मधला, सगळ्यांत खोल. तो दिपेशला काही केल्या साधेना. अखेर काकी स्वतःच रिक्षा करून सालवडला आल्या. सोबत फडक्यात बांधलेला वरवंटा होता.

तो पोचा त्यांचाच होता. दोन हजार दोन साली जिवल्या होडीसाठी इंजिन आणायला म्हणून नाशिकला गेला होता, आणि चौथ्या दिवशी इंजिनासकट जोंगा घेऊन दारात आला होता. काकी तेव्हा वाटण वाटत होत्या. हातात होते ते त्यांनी फेकले.

"जवळून नाय," त्यांनी दिपेशला समजावले. "लांबून मारला होता." मोजून सात पावले त्या मागे गेल्या. पदर खोचला. वरवंटा फेकला. तो गाडीच्या अलीकडेच पडला. दुसऱ्यांदा मडगार्डला लागून घसरला, खरचटलेसुद्धा नाही. तिसऱ्यांदा भिंतीवर गेला. काकी अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्या जवळच्या स्टुलावर बसल्या.

"नाय जमत," त्या म्हणाल्या. "तवा राग होता."

"आता आणा थोडा," दिपेश म्हणाला.

"कोणावर आणू? तो हाय कुठं?"

दिपेशने वरवंटा उचलून परत फडक्यात गुंडाळायला घेतला. तेवढ्यात झिपरू पलीकडच्या गाडीच्या इंजिनावरून मान वर न करता म्हणाला, "पण गाडी बेस आणली होती त्यानं. होडीचा इंजिन काय कामाचा?"

काकी उठल्या. दिपेशच्या हातातून त्यांनी वरवंटा कधी हिसकला हे त्याला कळले नाही, धाडकन आवाज तेवढा आला. वरवंटा बॉनेटवर नेमका मधोमध बसला होता. काकी धापा टाकत उभ्या होत्या. "तीन वर्सं होडीला इंजिन नव्हता," त्या झिपरूला म्हणाल्या. "तीन वर्सं." मग त्या पोच्याजवळ गेल्या, त्यावर तळवा ठेवला आणि हसू लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. दिपेशने झिपरूकडे पाहिले. झिपरू पुन्हा इंजिनाशी बोलू लागला होता.

दिपेशने त्या पोच्याला हात लावला नाही. त्याचे ते आयुष्यातले सर्वोत्तम काम होते, आणि ते त्याने केले नव्हते.

यथावकाश विपुलराव माहिती घ्यायला आले. प्रत्येक पोच्याची तांत्रिक माहिती त्यांनी विचारली आणि दिपेशने खरी तीच सांगितली: हा ताणलेल्या दोराने पडला, हा थंड जड वस्तूने, हा सात पावलांवरून आलेल्या दगडी वस्तूने. विपुलरावांनी ती आपल्या वहीत टिपून घरी नेली. गाडीला शंभरपैकी सत्त्याण्णव गुण मिळाले. (तीन गुण वासाचे कापले गेले. जवळा कोणत्याही रंगाने झाकला जात नाही.)

पालघरच्या एका मैदानात मंडळाने दोन दिवसांचे प्रदर्शन भरवले. मधोमध जोंगा, भोवती दोरी, प्रत्येक पोच्याखाली पितळी पाटी. रविवारी सकाळी दिपेशला व्यासपीठावर बोलावून शाल, श्रीफळ आणि 'श्री. दीपक मेहेर' या नावाचे प्रमाणपत्र देण्यात आले. तिथून त्याला गाडी दिसत होती. काकी दोरीपाशी उभ्या होत्या आणि लष्करी छापाचा टीशर्ट घातलेली सलोनी नावाची स्वयंसेविका त्यांना बॉनेटवरची पाटी वाचून दाखवत होती: "शत्रूने अवघ्या सात पावलांवरून केलेला थेट हल्ला. वाहन जागचे हलले नाही."

"शत्रू कोण ते नाय लिवला," काकी म्हणाल्या.

सलोनीने अदबीने सांगितले की नाव कळू शकलेले नाही.

"मीच ती."

सलोनी हसली आणि आजींनी जरा बाजूला व्हावे, लोकांना फोटो घ्यायचे आहेत, असे म्हणाली. काकी बाजूला झाल्या. त्या भांडल्या असत्या तर दिपेश कदाचित गप्प बसला असता. पण त्या मुकाट्याने बाजूला झाल्या, तेव्हा त्याने माईक हातात घेतला. शाल खांद्यावरून घसरत होती. ही गाडी युद्धात नव्हती, भाजी आणत होती, असे त्याने सांगितले. मग सातपाटीत बर्फ वाहत होती. दारावरचा पोचा होडीच्या दोराचा, टाकीजवळचा वरातीतला, आणि मधला रखमाकाकींनी नवऱ्यावरच्या रागाने वरवंटा मारून पाडलेला, त्या तिथे उभ्या आहेत. सगळे सांगून झाल्यावर तो घाम पुसत थांबला.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मेहुलभाईंनी डोळे पुसले. विपुलरावांनी तातडीने उपसमिती नेमली. सोमवारी सकाळी बॉनेटवर नवी पाटी होती: 'रणरागिणी रखमाबाई यांनी घरगुती शस्त्रानिशी गाडी रोखून धरल्याची ऐतिहासिक खूण.' कोणाची गाडी आणि कशासाठी रोखली, हे जागेअभावी दिलेले नव्हते. काकींसोबत फोटो काढायला रांग लागली. तेव्हा सीमेवर कोण कोण होते, असे एका गृहस्थांनी विचारले. "जिवल्या होता आन् मी होते," त्यांनी सांगितले. गृहस्थांनी मुलाला नमस्कार करायला लावला. काकींनी त्या दिवशी सोबत सुक्या बोंबलांची पाटी आणली होती. ती अकरा वाजेपर्यंत संपली आणि त्यांनी जिवल्याच्या पुतण्याला फोन करून दुसरी मागवली.

दिपेशचे गॅरेज आता बरे चालते. परवा एक जण शोरूममधून आणलेली गाडी तशीच प्लास्टिकसह घेऊन आला आणि तिला थोडा इतिहास द्या म्हणाला. दिपेशने त्याला दोन दिवसांनी यायला सांगितले, आणि मधल्या वेळात घरच्या फ्रिजचा पोचा काढला. स्वातीने दारावर नजर फिरवली, काहीच दिसले नाही, आणि यात तुम्ही केलेत काय, असे विचारले.

प्रदर्शनाची अभिप्राय वही विपुलरावांनी जपून ठेवली आहे. दोन दिवसांत चारशे बारा जणांनी अभिप्राय दिले. त्यांपैकी तीनशे नव्वद जणांच्या अंगावर काटा आला, एकवीस जणांना पार्किंगची सोय अपुरी वाटली. एका रकान्यात 'पाटीवरील मजकूर कशावरून खरा मानावा?' असा प्रश्न छापलेला होता. तो विपुलरावांनी नमुना भरगच्च दिसावा म्हणून घातला होता, आणि त्यासमोर चारशे अकरा जणांनी काहीही लिहिलेले नाही. उरलेल्या एकाने लिहिले आहे, 'असे कुठेतरी वाचले होते.' खाली नाव, गाव आणि मोबाइल नंबर आहे. अक्षर घाईचे आहे, पण लागते. एकदा पालघरला जाऊन बघून या, बहुतेक ते अक्षर तुमचेच आहे.